घसरत्या चाकांचा ऑक्टोबर

सप्तपर्णी फुलली की मुलुंडमध्ये संध्याकाळी खिडक्या उघड्या ठेवायची सोय राहत नाही. पाऊस गेलेला असतो, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं होतं, दुपारी डांबर पुन्हा तापायला लागतं आणि दिवेलागणीला तो गोड, जड वास गल्लीत येऊन ठाण मांडतो. काहींना तो आवडतो. माझं डोकं धरतं. पण खरं सांगायचं तर ऑक्टोबरमध्ये माझं डोकं धरायला सप्तपर्णीची गरज नसते. या दिवसांत जमीन कोरडी होते, आणि जमीन कोरडी झाली की माझ्या धाकट्या बहिणीचा, ऋजूचा, सीझन सुरू होतो.

ऋजू गाडी घसरवते. चुकून नाही, मुद्दाम. भरधाव गाडी वळणावर नेते, मागची चाकं सोडून देते, गाडी आडवी होते, आणि तशी आडवी ठेवूनच ती अख्खं वळण काढते. पुढची चाकं एकीकडे, गाडीचं तोंड दुसरीकडे आणि गाडी चालली आहे तिसरीकडेच. याला ड्रिफ्टिंग म्हणतात. त्याच्या स्पर्धा होतात, त्याला पंच असतात, गुण असतात. हा खेळ आहे की नुसता धूर, यावर आमच्या घरात, आमच्या मंडळात आणि सगळ्यात जास्त माझ्या डोक्यात जे काही झालं, ते दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात.

मला ऋजूचा हेवा वाटतो. मोठ्या बहिणीनं अशा वेळी अभिमान म्हणायचं असतं. मीही चारचौघांत तेच म्हणते.

मी दोरीवर वाढले. दोरीचा मल्लखांब. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि व्यायामशाळेत पळायचं. छताला टांगलेली सुती दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायची आणि वर जायचं. गाठ मारायची नाही, नुसते पेच घ्यायचे, शरीराचंच कुलूप करायचं. मांडीवर, पोटरीवर, काखेत दोरी घासून कातडी लाल व्हायची. आंघोळीचं पाणी लागलं की जीव जायचा. तरी दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी हजर. राज्यापर्यंत खेळले, पदकं आणली. मग खांदा गेला आणि मी शिकवायला लागले. आजही बँकेतून सुटले की व्यायामशाळेत मुली वाट बघत असतात.

बाबांचं स्टेशनजवळ मोटार ट्रेनिंग स्कूल होतं, अजून आहे. एक छोटा गाळा, आणि दोन्हीकडे ब्रेक असलेली पांढरी गाडी. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि वेळ आली की आपल्या पायानं गाडी थांबवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नोकरदार माणसं गाडी शिकायला रविवारी येत, त्यामुळे रविवारी शाळा बंद ठेवणं परवडत नसे. आणि माझ्या स्पर्धा नेमक्या रविवारी. आई यायची. बाबा संध्याकाळी विचारायचे, कितवी आलीस. पहिली म्हटलं की मान हलवायचे. एकदा त्यांनी विचारलं होतं, वर जाऊन खाली येतेस त्याचे गुण कशावरून देतात? मी म्हटलं, कसं दिसतं त्यावरून. बाबा पुन्हा पेपर वाचायला लागले. त्यांना दोरीतलं काही कळत नव्हतं. गाडीतलं कळत होतं. इतकं साधं होतं ते, आणि साध्या गोष्टीवर रागावता येत नाही म्हणून ती जास्त सलते.

ऋजू माझ्यापेक्षा बरीच लहान. दोरीवर तिचं मन रमलं नाही. ती बाबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून शिकणाऱ्यांना हसायची. पुढे स्वतः शिकली, इंजिनीयर झाली, ऐरोलीला नोकरीला लागली, आणि एका रविवारी जेवताना तिनं सांगितलं की कॉलेजातला मित्र इरफान आणि ती मिळून एक जुनी गाडी ड्रिफ्टिंगसाठी तयार करतायत. इरफानच्या वडिलांचं कुर्ल्याला गॅरेज होतं, गाडी तिथेच उभी होती. आतली सगळी सीटं काढून फक्त दोन ठेवली होती. आईनं विचारलं, एसी आहे ना? तोही काढला होता. आईला तेवढंच खटकलं.

बाबा मात्र बोलेनासे झाले. त्यांनी उभ्या मुलुंडला शिकवलं होतं की चाकानं रस्ता सोडता कामा नये, आणि त्यांचीच मुलगी चाकं सोडायला निघाली होती. आठवडाभर अबोला धरल्यावर ते म्हणाले, काय मूर्खपणा चाललाय तो एकदा बघून येतो. भिवंडीच्या पुढे एका बंद कारखान्याचं मोठं डांबरी आवार भाड्यानं घेऊन ही मंडळी सराव करत. बाबा तिथे गेले आणि दुपारी परत आले ते वेगळेच होऊन. हातसुद्धा न धुता जेवायला बसले आणि आमटीची वाटी टेबलावर फिरवून आईला दाखवायला लागले. आमची मालवणी घरातून कधीच गेलीय, पण बाबांना आनंद झाला की ती आपोआप बाहेर येते. "बघ गो, मागचो भाग भायर काढल्यान," वाटी तिरकी करत ते म्हणाले, "आणि तरी गाडी तिच्या हातात असा." आमटी सांडली. आई फडकं आणायला उठली. मी त्या दिवशी माहेरीच जेवत होते. बाबांच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. निदान माझ्यासाठी तरी नाही.

त्यानंतर बाबा रविवारी सकाळी शाळा बंद ठेवायला लागले.

हे वाक्य मी इतकं सहज लिहितेय, पण त्या दिवसांत मी दर रविवारी सकाळी भाजी आणायच्या निमित्तानं त्या गाळ्यावरून जायची आणि खाली ओढलेलं शटर बघून यायची. घरात ऋजूचे गुळगुळीत झालेले टायर गॅलरीत येऊन पडायचे. आई त्यांत माती भरून पुदिना लावायची. फोन केला की बाबा तिच्या गाडीबद्दल बोलायचे. मी हूं हूं करायची आणि नवऱ्याला म्हणायची, यात खेळ काय आहे रे? कुणी पहिलं येत नाही, कुणी गोल करत नाही. टायर जाळायचे आणि टाळ्या घ्यायच्या. नवरा शहाणा, तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

आमच्या भागात एक जुनं क्रीडा मंडळ आहे. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर ते एका खेळाडूचा सत्कार करतं. शाल, नारळ, छोटी ढाल. एके वर्षी तो माझा झाला होता आणि पुढे मी निवड समितीत आले. दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत खोखोच्या एका तरुण प्रशिक्षकानं ऋजूचं नाव सुचवलं. ती तोवर दक्षिणेत जाऊन दोन स्पर्धा जिंकून आली होती. समितीचे अध्यक्ष दामले काका, जन्मभर कबड्डीचे पंच. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कबड्डीत रेषा असते, पाय पडला की पडला. धावण्यात घड्याळ असतं. इथे काय, छान घसरली म्हणून गुण द्यायचे? दुसरा म्हणाला, हे तर रस्त्यावर टवाळ पोरं करतात आणि पोलिसांच्या हाती सापडतात. तिसऱ्याचं म्हणणं, सगळं तर इंजिन करतं, माणूस नुसता बसलेला असतो.

यातला एकेक प्रश्न माझ्या ओळखीचा होता. मी कॉलेजात असताना खेळाडूंच्या सवलतीसाठी अर्ज केला, तेव्हा मला विचारलं होतं, हा खेळ आहे की कसरत? नात्यातल्या एकानं तर सर्कस म्हटलं होतं. त्या प्रश्नांची उत्तरं मला झोपेतही देता आली असती. ऋजूच्या बाजूनं बोलायला त्या खोलीत माझ्याइतकं लायक कुणी नव्हतं. मी चहा पीत राहिले.

शेवटी दामले काका म्हणाले, "शुभदा, तू जाऊन बघून ये. बहीण आहेस हे खरं, पण तू तिचं उगाच कौतुक करणाऱ्यातली नाहीस."

सगळे हसले. मीही हसले. म्हणजे हे बाहेरून दिसत होतं तर.

मध्ये दसरा आला. व्यायामशाळेत आम्ही दोरीची आणि खांबाची पूजा केली, मुलींनी सलामी दिली, पेढे वाटले. तिथून माहेरी येते तर गल्लीच्या तोंडाशी ऋजूची गाडी कुर्ल्याहून आणून उभी केलेली. एक दार निळं, बाकीची लाल, पुढचा बंपर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी शिवलेला. बाबा तिला झेंडूचा हार घालत होते. बाजूला त्यांची पांढरी गाडी, तिलाही हार होता, पण छोटा. मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. मी गाडीचासुद्धा कैवार घ्यायला लागले होते.

पुढच्या रविवारी मी बाबांबरोबर भिवंडीच्या पुढे गेले. सरावाच्याच जागी त्या दिवशी छोटी स्पर्धा होती. मी मनाशी निकाल लिहूनच गेले होते. दामले काकांना काय सांगायचं ती वाक्यंसुद्धा तयार होती.

सकाळीच ऊन रणरणत होतं. कुंपणापाशी एकजण तिखटमीठ लावून पेरू विकत होता. अँब्युलन्स उभी होती, आग विझवायच्या नळकांड्या मांडून ठेवलेल्या होत्या, हेल्मेट तपासून झाल्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. टवाळ पोरांचं इथे काही दिसेना. डांबरावर केशरी शंकू ठेवून दोन वळणं आखली होती, एक उजवं, लगेच एक डावं. मचाणावर तीन पंच. इरफान माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि समजावू लागला. गाडी किती आडवी झाली ते बघतात. शंकूच्या किती जवळून गेली ते बघतात. वळणाला शिरताना वेग किती होता, आणि मध्ये कुठे चाचपडली का, ते बघतात.

पहिल्याच मुलानं एवढा धूर केला की पंच दिसेनासे झाले. जळक्या रबराचा वास घशात बसला, लोक शिट्ट्या मारत होते. मला वाटलं, झालं, हाच जिंकणार. त्याला सगळ्यात कमी गुण मिळाले. का, म्हणून विचारलं तर इरफान म्हणाला, दीदी, धूर तर कुणीही काढेल, तो शंकूपासून किती लांब राहिला ते बघितलं ना? आमच्याकडेही असंच असतं. उलटं लटकलं की प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि पंच पायाच्या बोटांकडे बघत असतात. ती ताणलेली आहेत की नाहीत.

ऋजूचा शेवटी दुसरा क्रमांक आला. पहिल्या वळणावर तिनं मागचा बंपर शंकूला असा काही चाटून नेला की शंकू नुसता डोलला. बाबांनी छत्री मिटवून काखेत धरली होती आणि ऊन डोक्यावर घेत उभे होते.

स्पर्धा संपल्यावर तिनं हेल्मेट माझ्यासमोर धरलं. बस ताई. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. इरफाननं पट्टे इतके आवळले की श्वास अर्धाच घेता येईना. बाबा खिडकीशी वाकून म्हणाले, पायाखाली ब्रेक शोधू नको, तो नाही तिथे. स्वतःच्या अनुभवावरून सांगत असावेत.

गाडी निघाली. उजवं वळण आलं, तिनं हँडब्रेक ओढला आणि माझ्या खालची जमीन निघून गेली. समोरच्या काचेत कारखान्याची भिंत होती आणि आम्ही चाललो होतो माझ्या खिडकीच्या दिशेनं. इंजिन कानात ओरडत होतं. मग वळण संपलं, आणि डावं सुरू होण्याआधी एक क्षण असा आला की गाडी ना इकडची ना तिकडची. सगळं वजन हवेत टांगलेलं.

तो क्षण मला माहीत होता. दोरीवर वरचे हात सोडलेले असतात आणि खालचा पेच अजून बसलेला नसतो, तेव्हा पोटात जे होतं, तेच. अगदी तेच. किती वर्षांनी झालं होतं ते. खांदा गेल्यापासून मी त्या क्षणाबद्दल मुलींना नुसती सांगत होते. आणि इथे माझी बहीण दर रविवारी तो घेत होती, सीटवर बसून, अंगाला एक ओरखडा न येता.

त्याच क्षणी मी आणखी एक पाहिलं. ऋजूचे हात. वजन टांगलेलं असताना तिच्या मनगटांच्या शिरा ताठ झाल्या. तिनं स्टिअरिंग आवळलं, गाडीला एक बारीक हिसका बसला, मग सावरली.

मी खाली उतरले. बाबांनी पाण्याची बाटली दिली आणि कसं वाटलं विचारलं. मी म्हटलं, गरम होतं फार. ते खरं होतं. पण आत काय चाललं होतं ते वेगळंच. हा खेळ नसता तर किती बरं झालं असतं. तोपर्यंत माझ्याजवळ एक आडोसा होता, की बाबा मुलीसाठी नाही, तमाशासाठी जातात. आता तो गेला. माझ्यासमोर एक खेळ होता, एक चांगली खेळाडू होती, आणि तिला बघायला रविवारची शाळा बंद ठेवून येणारा माणूस होता.

पुढच्या बैठकीत दामले काकांनी विचारलं, काय बघितलंस? मी जे होतं ते सांगितलं. पंच काय बघतात, धूर काढणाऱ्याला कमी गुण का मिळाले, सगळं. काका म्हणाले, पण शेवटी डोळ्यांवरच ना सगळं? रेषा कुठे आहे?

"काका, दोरीला तरी कुठे रेषा असते?" मी म्हटलं. "तुम्ही मला शाल दिलीत तेव्हा रेषा विचारली नव्हतीत."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग इंजिनाचं काय, म्हणाले. मी म्हटलं, दोरी एकटी टांगलेली असते तेव्हा ती काही करत नाही, गाडीही उभी असते तेव्हा काही करत नाही. रस्त्यावर जे करतात त्यांना पोलिसांनी धरावंच. रस्त्यावर हाणामारी होते म्हणून आपण कुस्तीला खेळ म्हणायचं सोडत नाही. बोलताना माझा आवाज चढला होता. समितीला वाटलं असेल, बहिणीची माया. वर्षानुवर्षं मला स्वतःसाठी जे बोलायचं होतं, ते मी बोलत होते.

काकांनी चष्मा घातला. "म्हणजे खेळ आहे म्हणतेस."

"आहे."

नाव ठरलं. मी घरी येऊन ऋजूला फोन केला. ती आनंदानं ओरडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, तू काय सांगितलंस त्यांना? मी म्हटलं, खेळ आहे म्हणून सांगितलं.

"आणि मी?" ती म्हणाली. "मी कशी खेळते?"

छान, म्हटलं. ती म्हणाली, ताई, नीट सांग ना. बाबा काही केलं तरी वा वाच म्हणतात.

आता इथे गप्प बसता आलं असतं. छानच्या पुढे एक शब्द बोलायची माझ्यावर सक्ती नव्हती. पण शिकवणाऱ्या माणसाची जीभ फार दगाबाज असते. मी म्हटलं, दोन वळणांच्या मध्ये तू आवळतेस. तिथे सोडायचं असतं, आणि तू नेमकी तिथे घाबरून धरून ठेवतेस. माझ्या नव्या मुली तेच करतात. हात सोडायची वेळ आली की आणखी घट्ट धरतात आणि लटकत राहतात. चाक तुझ्या हातातून फिरू दे. ते आपल्या जागेवर येईल, मग पकड.

मग ती हळूच म्हणाली, हे मला अजून कुणीच सांगितलं नव्हतं गं.

सत्कार झाला. शाल मीच घातली, कारण समितीत बाई मी एकटीच होते. बाबा पहिल्या रांगेत होते, इस्त्रीचा शर्ट घालून. फोटोत आम्ही तिघं आहोत आणि मी चांगली हसतेय.

यंदा पुन्हा सप्तपर्णी फुललीय आणि पुन्हा तेच आवार, तोच पेरूवाला. ऋजूनं फोन करून बोलावलं म्हणून मी गेल्या रविवारी गेले होते. निळं दार जाऊन आता सगळी गाडी लाल झालीय. ती पहिल्या वळणात शिरली, मागचा भाग बाहेर गेला, शंकू डोलला. मग तो मधला क्षण आला. मी दोन बोटांत पेरूची फोड धरून उभी होते. खिडकीतून तिचे हात दिसत होते. तिनं स्टिअरिंग सोडलं. चाक तिच्या उघड्या पंजांतून सरसर फिरलं, गाडी एका लयीत दुसऱ्या बाजूला गेली, आणि मग तिनं ते अलगद धरलं. हिसका नाही, चाचपडणं नाही. माझ्या मुलींपैकी एकीलाही इतकं सुंदर सोडता येत नाही. मलाही, अगदी माझ्या ऐन बहरात, इतकं येत होतं का, कोण जाणे. ते तिला मी दिलं होतं, आणि आता ते तिचं होतं.

लोक टाळ्या वाजवत होते. इरफान शिट्टी मारत होता, बाबा हात वर करून कुणाला तरी सांगत होते की ही माझी मुलगी. मला हात उचलता येईना. पेरूची फोड मी नीट कागदात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली, पर्स खांद्याला लावली. तोवर सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या होत्या. मग माझी सुरू झाली. एकटीचीच असल्यामुळे ती जरा जास्तच मोठी वाजली.